थांबवणाऱ्या डब्याची साक्ष

मित्रांनो, या चहाच्या कारखान्यात चालणाऱ्या सगळ्या वस्तूंची नावे लोकांना पाठ आहेत. रोलर, पट्टा, पंखा, बॉयलर. माझे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही, कारण मी काहीच चालवत नाही. मी थांबवतो. जाडजूड पुस्तकाएवढा, पिवळ्या रंगाचा, आता कडा काळवंडलेला एक जुना डबा मी आहे. रोलरसमोरच्या पॅनेलच्या कपाटात, काचेमागे माझी जागा आहे. माझ्या तोंडावर एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि खाली एक निळे बटण आहे. कागदोपत्री मला 'सुरक्षा मॉड्यूल' म्हणतात, पण केनियातल्या केरिचोकडच्या या डोंगरावर मला सगळे 'तेरेरबाबांचा डबा' म्हणतात. माझ्यामुळे एका बाईला भर कारखान्यात मान खाली घालावी लागली. ती गोष्ट सांगताना आजही मला स्वतःची लाज वाटते.

आधी माझा स्वभाव समजून घ्या. रोलरपुढे जाळीचे एक दार आहे. त्याला वर एक स्विच आहे आणि खाली एक. दार लागले की दोघेही मला तशी वर्दी देतात. दोघांचे जुळले की मी हिरवा होतो. वरचा म्हणाला 'लागले' आणि खालचा म्हणाला 'उघडे', तर खरा कोण आणि खोटा कोण हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. अर्धा सेकंद वाट पाहतो आणि लाल होतो. वायर तुटली तरी लाल, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी लाल. माझ्या पोटात दोन मेंदू आहेत, ते रात्रंदिवस एकमेकांवर पाळत ठेवतात. त्यांचे आपसात बिनसले तरी मी लालच होतो. लाल झालो की रोलरची वीज तोडून गप्प बसतो. नंतर सगळे सुरळीत झाले तरी आपणहून कामाला लागत नाही. कुणीतरी माणसाने यावे, काय झाले ते आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि माझे निळे बटण दाबावे, असा माझा हट्ट असतो.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. तिथे आमची परीक्षा मोठी कडक होती. मुद्दाम आमच्या वायरी तोडत, आम्हाला भट्टीत तापवत, बर्फात गारठवत, गदागदा हलवत. प्रत्येक वेळी जो थांबला तो पास झाला, आणि जो नाही थांबला तो भंगारात गेला. त्यामुळे लहानपणापासून माझे कौतुक झाले ते थांबण्याचेच. थांबल्याने कुणाचे वाईटही होऊ शकते, हे मला तिथे कुणी शिकवले नाही.

मी या कारखान्यात आलो तो तेरेरबाबांमुळे. अराप तेरेर हे पाळीचे मुकादम. उंच, काटक, डोक्यावर कायम लोकरीची टोपी. त्यांच्या डाव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटे आहेत. माझ्या आधी त्या जाळीच्या दाराला एकच स्विच होता, आणि लोकांनी त्याला मोटारीच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कायमचा दाबून ठेवला होता. दार सताड उघडे आणि रोलर गरागरा फिरताहेत, असा सगळा कारभार. मोसम ऐन भरात असताना तेरेरबाबा अडकलेली काडी काढायला गेले आणि दोन बोटे रोलरच्या दातांत गेली. बरे होऊन आल्यावर त्यांनी व्यवस्थापकाच्या मागे असा काही लकडा लावला की शेवटी मला आणावेच लागले.

मला बसवले त्या दिवशी त्यांनी दोन्ही पाळ्यांचे लोक माझ्यासमोर उभे केले आणि आपला डावा हात वर धरला. "याला ट्यूबने बांधता येत नाही," ते म्हणाले. "हा दोघांना विचारतो. आणि हा डबा खोटं बोलत नाही."

ते ऐकून मला केवढा अभिमान वाटला होता.

पुढे बरीच वर्षे बरी गेली. डोंगरावरच्या मळेकऱ्यांचा हिरवा पाला ट्रॅक्टरने यायचा, माळ्यावर पसरून मऊ व्हायचा, मग रोलरच्या दातांतून चुरा होऊन पट्ट्यावर पडायचा आणि पट्ट्यावरच हिरव्याचा तांबडा व्हायचा. हे सगळे वेळेवर चालले तर चहा उजळ होतो. रोलर थांबले तर पट्टाही थांबतो, चुरा जागेवरच गरम होऊन आंबतो आणि मग मोंबासाच्या लिलावात त्या चहाकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो पाला इथल्याच माणसांच्या घरचा असतो. म्हणून मी लाल झालो की अख्खा कारखाना मला शिव्या घालायचा.

एकदा असाच भर कामात मी थांबलो. लोक चिडले. वायरमन ओंगेरी आला. तो पलीकडच्या किसी नावाच्या केळीच्या मुलखातला, ठेंगणा आणि हसरा. इथले लोक त्याला 'केळेवाला' म्हणून चिडवत आणि तो त्यांना 'ताकपिते' म्हणून परतफेड करी. त्याने शोधले तर उंदराने खालच्या स्विचची वायर कुरतडली होती. तेरेरबाबांनी ती वायर सगळ्यांना फिरवून दाखवली. डबा थांबला म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलेलेच असते, असे ते त्या दिवसापासून म्हणू लागले. हे वाक्य मला गोड लागले होते. पुढे तेच माझ्या गळ्याशी आले.

मग चेसांग आली.

चेसांग माळ्यावर पाला उलथण्याचे काम करायची. शेजारपाजारचे तिला मुलीच्या नावाने 'चेलिमोची आई' म्हणत. रोलरवर तोपर्यंत फक्त पुरुष होते. चेसांगने मात्र व्यवस्थापकाकडे सरळ जाऊन ते काम मागितले. माळ्यावरच्या आणखी दोघींनीही नावे दिली होती. व्यवस्थापक म्हणाला, आधी हिचे बघू, मग तुमचे. म्हणजे तिच्या एकटीच्या हातावर तिघींचे भविष्य टांगलेले होते.

मित्रांनो, तिच्यासारखा कामाचा हात मी पाहिलेला नाही. पुरुष कामगार बारीकसारीक काड्या तशाच जाऊ देत आणि रोलरचे दात बोथट होत. ही बाई काडी दिसली की मशीन थांबवून दार उघडी, काडी काढी, जाळीवर चिकटलेला ओला चुरा पुसून घेई आणि मग दार लावी. अगदी अलगद लावी. तिच्या सासरी दार आपटणे म्हणजे पाहुण्याला 'चालते व्हा' सांगण्यासारखे होते. शिवाय घरात तान्ही मुलगी दाराजवळच निजायची. तिच्या हाताला दार आपटणे माहीतच नव्हते.

आणि तिथेच घोटाळा झाला. जाळीच्या दाराची बिजागरी जुनी, थोडी लोंबलेली. दार आपटले की दोन्ही स्विच एकदमच दाबले जात. अलगद लावले की वरचा आधी दाबला जाई आणि खालचा जरा मागाहून. तेवढ्यात माझा अर्धा सेकंद संपून जाई. वरचा म्हणतो लागले, खालचा म्हणतो उघडे. मी लाल.

पुरुष दार आपटत ते शिस्त म्हणून नव्हे, तर घाईपोटी. तसे आपटावे लागते हे त्यांनाही ठाऊक नव्हते, मग ते तिला काय सांगणार?

तिच्या पाळीत मी थांबू लागलो. निळे बटण माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली ओंगेरीच्या खिशात आणि ओंगेरी तिकडे बॉयलरपाशी. तो येईपर्यंत पट्ट्यावरचा चुरा वाया जाई. पहिल्यांदा लोक हसले. मग कुजबुजू लागले. दुसऱ्या पाळीतला सिगेई नावाचा एक जाडा माणूस चहाचा मग हातात घेऊन मुद्दाम बघायला येऊ लागला.

"डब्याला बाईमाणूस चालत नाही," तो म्हणाला. "माझ्या पाळीत बघा, कसा गुपचूप असतो."

"तुझ्या पाळीत रोलरचे दात पण गुपचूप तुटतात," चेसांग म्हणाली. दोघेचौघे हसले. पण त्याच दिवशी मी पुन्हा लाल झालो आणि तिची बोलतीच बंद झाली.

ओंगेरीने मला कितीदा तरी तपासले. कपाट उघडून वायरी ओढून पाहिल्या, स्विच सोडवून पुसले, पुन्हा बसवले. मग दार उघडून धाडकन लावून बघितले. मी हिरवा. पुन्हा धाडकन. पुन्हा हिरवा. तो खांदे उडवून म्हणे, डबा ठणठणीत आहे. आणि माझ्या लाल दिव्याची उघडझाप विशिष्ट तालात होत होती, 'दोघांचे जुळत नाही' एवढे तरी त्यातून कळत होते. पण तो येताच आधी निळे बटण दाबी. ताल विझून जाई. मी काय म्हणत होतो ते ऐकायला कुणी उरतच नसे.

डबा ठणठणीत म्हटल्यावर दोष कुणाचा उरला? तेरेरबाबा वाईट माणूस नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता इतकेच. हा डबा खोटे बोलत नाही, मग बाई खोटे बोलते. चेसांगने त्यांना सांगितले होते की मी काही वेगळे करत नाही, दार उघडते आणि लावते. त्यांनी मान हलवली आणि एके दिवशी पाळी बदलताना सगळ्यांना थांबवून घेतले. तिने सगळ्यांसमोर दार उघडून लावून दाखवावे असे ठरले.

ती पुढे आली. समोर म्हातारी माणसे, सिगेई, माळ्यावरच्या त्या दोघी. बिचारी एवढी बिचकलेली की हात रोजच्यापेक्षाही हळू झाला. आपल्याकडून आवाजही होऊ नये अशा बेताने तिने दार लावले.

मित्रांनो, मी तेव्हा काय करायला हवे होते? दोन वर्द्या जुळल्या नाहीत. नियमाने मी लाल झालो. चूक केली असे कुणी म्हणणार नाही. पण सगळे हसले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटले, या काचेमागून कुठेतरी तोंड लपवावे.

"डबा बोलला," तेरेरबाबा म्हणाले. "पोरी, तू माळ्यावर जा."

मी बोललो होतो हे खरे. पण 'हिची चूक आहे' असे मी म्हणालोच नव्हतो. मला ते म्हणताच येत नाही. माझ्या लाल दिव्याचा अर्थ एकच असतो, की मला नक्की माहीत नाही, म्हणून थांबलो आहे. माझे 'माहीत नाही' त्यांनी निकाल म्हणून वाचले. तिने हातमोजे काढून पट्ट्याच्या कठड्यावर ठेवले आणि जिना चढून गेली. माळ्यावरच्या त्या दोघींनी आपली नावे मागे घेतली. मला त्या रात्रपाळीत हिरवे राहणेसुद्धा जड गेले.

मोसम वाढला. एक दिवस रोलरवरचा माणूस तापाने पडला आणि तेरेरबाबा स्वतः मशीनवर उभे राहिले. बोटे गेल्यापासून त्यांनी त्या दाराला हात लावला नव्हता. थोड्या वेळाने पोत्याच्या सुतळीचा तुकडा अडकला. त्यांनी मशीन थांबवून दार उघडले, उजव्या हाताने सुतळी काढली आणि उजव्या हातात ती तशीच धरून डाव्या हाताने दार लावले. त्या हातात जोर नाही. दार हळूहळू ढकलले गेले.

मी लाल झालो.

ते माझ्याकडे बघतच राहिले. ओंगेरी आला, बटण दाबले. बाबांनी पुन्हा दार उघडून लावले. मी पुन्हा लाल. ओंगेरीने त्यांना बाजूला सारून स्वतः धाडकन लावले. हिरवा.

"तुम्ही लावा परत," ओंगेरी म्हणाला. लाल.

आता दोघेही हसत नव्हते. ओंगेरीने या वेळी बटण दाबले नाही. तो माझ्यासमोर वाकून माझ्या दिव्याची उघडझाप बघत राहिला, मग लॅपटॉप आणून मला जोडला आणि माझ्या पोटातले आकडे चाळले. अर्धा सेकंद. परदेशातून खोक्यात बसून आलो तेव्हा होता तेवढाच. मला कसल्या दाराशी बसायचे आहे, ते दार लावणारे हात कसे आहेत, हे तिथे कुणाला माहीत असणार? आणि इथे आल्यावर तो आकडा कुणी बघितलाच नव्हता.

"बाबा, तुम्ही ढकलता. मी आपटतो," तो म्हणाला. "ती पण ढकलायची."

तेरेरबाबांनी टोपी काढली आणि कितीतरी वेळ डाव्या हाताच्या दोन बोटांत चुरगळत राहिले. माणसाला शरम वाटताना मी त्याआधी इतक्या जवळून पाहिले नव्हते. ती माझ्यासारखीच दिसते. माणूस थांबतो आणि आपणहून सुरू होत नाही.

ओंगेरीने आवाज खाली आणला. "बिजागरी नीट करतो, वेळ थोडा वाढवतो. उघडताना एक जरी स्विच सुटला तरी डबा लगेच थांबेल, त्यात फरक नाही पडत. गुपचूप होऊन जाईल. माझी पण चूक झाकली जाईल, तुमची पण. तिला मागाहून घेऊ परत, मशीन सुधारली म्हणून."

"हसायला सगळे होते ना?" तेरेरबाबा म्हणाले. "मग हे ऐकायला पण सगळे असू देत."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना त्यांनी पुन्हा दोन्ही पाळ्या माझ्यासमोर उभ्या केल्या. चेसांगला माळ्यावरून बोलावले. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभी राहिली. बाबांनी आपल्या लुळ्या हाताने दार लावून मला लाल करून दाखवले. मग ओंगेरीने आकडा बदलला, बाबांनी तसेच हळू दार लावले आणि मी हिरवा राहिलो. सिगेई आपल्या मगात काहीतरी शोधत होता.

"चूक चेलिमोच्या आईची नव्हती," बाबा म्हणाले. "डब्याची पण नव्हती. माझी होती. मी तिला तुमच्यासमोर माळ्यावर पाठवली, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय."

एवढ्या वयाच्या माणसाने तरुण बाईसमोर अशी कबुली देणे ही लहान गोष्ट नाही. लोक तिच्याकडे बघू लागले. आता ती रडेल, नाहीतर 'जाऊ द्या बाबा' म्हणेल, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले होते. तिने दोन्हीपैकी काही केले नाही.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "प्रत्येक वेळी तुम्ही हा डबा उघडून बघितलात. याच्या वायरी ओढल्यात, याचे स्विच पुसलेत. मला एकदा तरी विचारलंत, की पोरी, तू दार कसं लावतेस?"

तेरेरबाबांनी मान खाली घातली. मलाही मान असती तर मीही तेच केले असते.

मग ती खाली आली, हातमोजे मागून घेतले आणि कामाला लागली. आजही ती रोलरवर आहे, आणि पाळीची नवी माणसे तिच्याच हाताखाली शिकतात. नाव मागे घेतलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी तोवर नैवाशाकडे फुलांच्या मळ्यात कामाला निघून गेली होती. ती काही परतली नाही. तिचा हात कसा होता, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आले आहेत. माझ्या जागी नवा डबा येणार म्हणतात. त्याला छोटा पडदा असेल आणि काय बिनसले ते तो अक्षरांत लिहील. चांगले आहे. पण लिहिलेलेही कुणी वाचावे लागते.

तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे डबे तुमच्याही हाताखाली येतील. त्यांच्यावरची धूळ पुसा, वायरी उंदरांपासून जपा, आणि त्यांना ट्यूबच्या पट्टीने कधी गप्प करू नका. पण तुम्हाला हात जोडून एवढेच मागणे आहे की आमच्या लाल दिव्याकडे बोट दाखवून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. आम्ही फक्त म्हणत असतो, मला माहीत नाही, तुम्ही या आणि बघा. आणि बघायला याल तेव्हा आधी आमच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारा.